हरवलेल्या वॅटांचा पंचनामा

अहिल्यानगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की आठ-दहा किलोमीटरवर अरणगाव येतं. तिथं मेहेराबादच्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. १० जुलै १९२५ रोजी बाबांनी मेहेराबादेत मौन धरलं, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. म्हणजे साडेत्रेचाळीस वर्षं. आधी अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून आणि १९५४ नंतर नुसत्या हाताच्या खुणांनी ते भक्तांशी बोलत. आता योगायोग पाहा. या मौनी बाबांच्या परदेशी भक्तांपैकी ज्याचं नाव जगभर झालं, तो पीट टाउनशेंड हा ‘द हू’ या इंग्रज बँडचा गिटारवादक. ३१ मे १९७६ रोजी लंडनमधल्या चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर या बँडचा आवाज ३२ मीटरवरून १२६ डेसिबल भरला आणि जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. गुरूनं शब्द काढला नाही, शिष्यानं सगळी थकबाकी एकाच संध्याकाळी चुकती केली.

टाउनशेंड १९७२ साली समाधीच्या दर्शनाला नगरला येऊन गेला. त्याच्या ‘बाबा ओरायली’ या १९७१ च्या गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे आपले अरणगावचेच. १९६९ साली गाजलेल्या त्याच्या ‘टॉमी’ या रॉक ऑपेराचा नायक मात्र असा मुलगा आहे की ज्याला ऐकूच येत नाही. या बँडच्या पहिल्या रांगेत तिकीट काढून बसण्याची पात्रता खरं तर त्याच्याकडेच होती.

हा सगळा गदारोळ यायचा कुठून? आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांमधून, म्हणजे व्हॉल्व्हमधून. लंडनच्या पश्चिमेला हॅनवेलमध्ये जिम मार्शल नावाचा ड्रम शिकवणारा मास्तर वाद्यांचं दुकान चालवत होता. १९६२ साली त्याच्या दुकानातल्या कारागिरांनी अमेरिकेच्या फेंडर कंपनीचा बासमन हा अ‍ॅम्प्लिफायर समोर ठेवून आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर बनवला. १९६५ च्या सुमारास टाउनशेंड आणि त्याच्या बँडचा बासवादक यांनी आणखी आवाज मागितला. मग शंभर वॅटचं यंत्र झालं. त्यावर टाउनशेंडला एकाच पेटीत बारा इंची आठ स्पीकर हवे होते. मार्शलनं तीही पेटी करून दिली. ती उचलणाऱ्यांनी हात टेकले, तेव्हा पेटीचे दोन भाग करून ते एकावर एक रचण्यात आले. रॉकच्या मैफलीत वादकांच्या पाठीमागे जी काळी भिंत उभी दिसते, तिचा पाया असा हमालांच्या कमरदुखीवर घातलेला आहे.

म्हणजे शंभर वॅट मागणाऱ्याचं तीर्थक्षेत्र नगर जिल्ह्यात. आणि याच जिल्ह्यात कुणी हौशी माणूस घरी बसून पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बनवतो, तेव्हा त्यातून निघतात चार.

व्हॉल्व्ह ही वस्तू या भागाला परकी नाही. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ साली स्थापन झाली आणि पुढे रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच होऊ लागले. मर्फीचे रेडिओ ठाण्यात बनत, फिलिप्सचे पुण्याजवळ लोणी काळभोरला. मढीची यात्रा असो नाहीतर निघोजच्या मळगंगेची, झाडाला बांधलेले दोन कर्णे आणि सतरंजीवर ठेवलेलं ‘मशीन’ याशिवाय जत्रा उभी राहत नसे. मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. ग्रामीण भागात त्याला दुसरं नाव नाही. चालू केल्यावर ते तापायला अर्धा मिनिट घ्यायचं. तेवढ्या वेळात ‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणणारा इसम मूकनाट्य करत उभा असायचा. मग ट्रान्झिस्टर आले. ही मशीनं आधी माळ्यावर आणि माळ्यावरून भंगारात गेली. आजच्या हौशी कारागिराला पहिला खजिना सापडतो तो तिथंच.

बाकीच्या सामानासाठी तो पुण्याला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जातो. नवे व्हॉल्व्ह मागवतो ते रशियातल्या सारातोवचे, स्लोव्हाकियातल्या चादत्साचे किंवा चीनचे. नव्यानं व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने आता जगात बोटावर मोजण्याइतके उरलेत. त्यामुळे २०२२ च्या मार्चमध्ये युद्धापायी रशियाचा माल अडला, तेव्हा नगरच्या सावेडीत बसून गिटार वाजवणाऱ्यालाही झळ बसली. घरच्यांना ही भानगड समजावून सांगणं अवघड असतं. पुतिन यांच्यामुळे गिटारचा खर्च वाढला, हे वाक्य आजवर कुठल्याही आईनं खरं मानलेलं नाही.

तर अ‍ॅम्प्लिफायर तयार होतो. दिवे लागतात, व्हॉल्व्ह नारिंगी उजळतात, गिटार वाजते. फक्त दम नसतो. यंत्र साफ मुकं असतं तर बरं झालं असतं, कारण मुक्या यंत्रातला दोष तासाभरात सापडतो. कमी आवाजाच्या यंत्रात सगळंच थोडं थोडं बरोबर असतं.

ही बातमी गल्लीत पसरली की सल्लागार जमतात. वायरमन म्हणतो, अर्थिंग नाही. डीजेवाला म्हणतो, “भाऊ, हे काढून टाक, आपल्याकडं दोन हजार वॅटचं पडलंय.” जुना रेडिओ मेकॅनिक चष्मा कपाळावर चढवून पेचकसाचं टोक व्हॉल्यूमच्या मधल्या पिनेला लावतो. भुर्र असा आवाज येतो. तो मान हलवून सांगतो, “पुढं चालू आहे, मागं बघा.” यातला शेवटचा सल्ला शास्त्रशुद्ध असतो, म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. आतल्या खोलीतून आई ओरडते, “अरे, तो आवाज कमी कर आधी!” ज्याचा आवाज कमी येतो म्हणून घरात आठवडाभर सुतक आहे, त्याच यंत्राबद्दल हे बोलणं असतं.

आईचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. माणसाचा कान वॅट मोजत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो अवघा तीन डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवण्याइतका. कानाला तो दुप्पट वाटायला हवा असेल तर वॅट दहापट लागतात. शंभर वॅटची पेटी पंधरा वॅटच्या पेटीपुढे दुप्पटही मोठी वाटत नाही. जास्त भरते ती फक्त हमाली. म्हणून ‘कमी वाजतंय’ या तक्रारीवर कानाची साक्ष चालत नाही. मीटर लावावा लागतो.

पंचनाम्याची रीत अशी. स्पीकर काढायचा आणि त्याच्या जागी आठ ओहमचा, पन्नास वॅट सोसणारा तारेचा रेझिस्टर लावायचा. जागा मोकळी मात्र ठेवायची नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बिनास्पीकरचा जोरात चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या आत ठिणगी पडते आणि मग मोजायला काही उरत नाही. मोबाइलमधून ४०० हर्ट्‌झचा सलग सूर सोडायचा, कारण स्वस्तातला मल्टिमीटर त्याच्या फार वरच्या सुरांना खोटं बोलतो. हा सूर गिटारइतकाच बारीक, दहाव्या हिश्श्याच्या व्होल्टचा ठेवायचा. मग आवाज वाढवत न्यायचा. ऑसिलोस्कोप असला तर लाटेची शेंडी चपटी होण्याचा क्षण दिसतो, तिथं थांबायचं आणि रेझिस्टरवरचे व्होल्ट वाचायचे. व्होल्टचा वर्ग करून आठनं भागला की वॅट हाती येतात. अकरा व्होल्ट आले तर पंधरा वॅट, कारखान्याच्या तोडीचं काम.

साडेपाच आले तर मात्र पावणेचार.

व्होल्ट निम्मे झाले की वॅट पाव होतात. नगरी माणसाला हा हिशेब अन्यायाचा वाटतो. पण तो वर्गाचा हिशेब आहे, तिथं घासाघीस चालत नाही. आता पंधरातून पावणेचार वजा जाता सव्वाअकरा वॅट कुठे गेले, हा प्रश्न उरतो. आणि इथं मनुष्यस्वभाव उघडा पडतो. कर्ता पहिला संशय घेतो तो सगळ्यात महागड्या वस्तूवर, कारण ती बदलताना आपण काहीतरी केलं असं वाटतं. नव्या व्हॉल्व्हची जोडी मागवली जाते. ती बसते. साडेपाच व्होल्ट.

दुसरा संशयित भिंतीतला. जिथं शेतीपंप आणि गावठाण एकाच वाहिनीवर आहेत, तिथं पंपांची पाळी आली की भिंतीतल्या २३० व्होल्टचे १९०-२०० होतात. शेतीची थ्री फेज दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास, आणि ऊस काही गिटारच्या रियाजाची वेळ पाहून पाणी मागत नाही. त्यात भंगारातल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरला २००, २२०, २५० अशी टोकं असतात आणि सावध कर्त्यानं जोडणी केलेली असते २५० वर. भिंतीत २०० असताना २५० च्या टोकावर ट्रान्सफॉर्मर चालला की सगळंच वीस टक्क्यांनी उतरतं. व्हॉल्व्हच्या प्लेटला ३०० ऐवजी २४० व्होल्ट मिळतात आणि वॅटांच्या हिशेबात त्याचे उरतात चौसष्ट टक्के. फिलामेंटला ६.३ व्होल्ट हवेत, मिळतात पाच. व्हॉल्व्ह उजळतो तो जागा होण्यापुरता, कामाला लागत नाही. शेतीपंपांना सौर ऊर्जेची वेगळी वाहिनी देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा मुहूर्त २०१७ साली याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीत झाला. तिच्या उद्दिष्टांत गिटारचा उल्लेख नाही, तरी आशीर्वाद गिटारवाल्यांचेही मिळतील. तोवर २०० चं टोक वापरणं हा उपाय फुकटात होतो. फक्त पंप बंद झाल्यावर टोक परत बदलायचं ध्यानात ठेवावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी तक्रार वेगळी असते.

एवढं करून थोडीफार वसुली होते. बाकीची चोरी मोठी आहे.

तिसरा संशयित आउटपुट ट्रान्सफॉर्मर, आणि हे प्रकरण रसाळ आहे. व्हॉल्व्हला हजारो ओहम हवे असतात आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. या दोघांचं जमवून देणारा मध्यस्थ म्हणजे हा ट्रान्सफॉर्मर. नवा घ्यायचा तर महाग पडतो. पण जिल्हाभर पाण्याच्या मोटारी जळत असल्यानं नगरला मोटर रिवाइंडिंगवाल्यांची कमतरता नाही. कर्ता कागदावर आकृती काढून त्यांच्याकडे जातो. रिवाइंडिंगवाला आकृती उलटी धरून विचारतो, “किती एचपी?” पंधरा वॅट म्हटल्यावर तो हसतो. पाच एचपीची मोटर दुपारपर्यंत बांधून देणारा हात हा. त्याला हा पोरखेळ वाटतो. तो बॉबिनवर आधी सगळी बारीक तार गुंडाळतो, वरून सगळी जाड तार, स्टॅम्पिंग ठोकतो, वॉर्निश करतो. काम देखणं होतं. फक्त आवाजाच्या ट्रान्सफॉर्मरला बारीक आणि जाड तारेचे थर आलटून पालटून लागतात, नाहीतर वरचे सूर थरांमधल्या वाटेवरच गळतात. गिटार मग घोंगडी पांघरून वाजते.

यावर दुसरा मार्ग म्हणून जत्रेच्या जुन्या मशीनमधला तयार ट्रान्सफॉर्मर काढला जातो. त्याच्या बाहेर येणाऱ्या तारांवरची अक्षरं पुसलेली असतात. गावभर कर्णे लांबवर बांधायचे म्हणून या मशीनांना आठ-सोळा ओहमच्या टोकांबरोबर १०० व्होल्टची लाइनही असे. तीस वॅटच्या मशीनला त्या टोकावर सव्वातीनशे ओहमहून थोडा जास्त भार अपेक्षित असतो. कर्ता नेमकं तेच टोक धरतो आणि त्याला आठ ओहमचा स्पीकर जोडतो. पलीकडे व्हॉल्व्हला आठ हजार ओहम दिसायला हवेत, तिथं दोनशेही दिसत नाहीत. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तसा प्रकार, असं म्हणायला जावं तर तेही चुकीचं; इथं गिअर आहे, फक्त भलताच. ओळखायची सोपी तऱ्हा अशी: ट्रान्सफॉर्मर पूर्ण सोडवून त्याच्या प्लेटच्या दोन टोकांना सावधपणे थोडे व्होल्ट एसी द्यायचे आणि पलीकडच्या प्रत्येक टोकावर किती येतात ते लिहून काढायचं. प्लेटच्या व्होल्टना पलीकडच्या व्होल्टनी भागून वर्ग केला की कुठल्या टोकावर कुठला स्पीकर, ते कळतं. दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता लोक आठ महिने व्हॉल्व्हला शिव्या देतात.

समजा तेही बरोबर निघालं. मग पाळी येते जोडीची. पंधरा वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शेवटी इएल८४ जातीचे दोन व्हॉल्व्ह असतात. एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. लांब करवतीच्या दोन टोकांना बसलेले दोन सुतारच. यातला एक जण नुसताच मूठ धरून बसला तरी लाकूड कापलं जातं, पण रडत रडत. बघणाऱ्याला दोघंही कामावर दिसतात, कारण फिलामेंट दोन्हीकडं छान पेटलेलं असतं.

हजेरी घ्यायची ती कॅथोडच्या रेझिस्टरवर. दोन्ही व्हॉल्व्हना वेगवेगळा २७० ओहमचा रेझिस्टर असेल तर प्रत्येकावर साधारण साडेदहा व्होल्ट हवेत, म्हणजे जवळपास ३९ मिलिअँपिअरचा प्रवाह चाललाय. एकावर साडेदहा आणि दुसऱ्यावर अर्धाही नाही, असं दिसलं की चोर सापडला. मग दोन व्हॉल्व्हची अदलाबदल करायची. दोष व्हॉल्व्हबरोबर पलीकडे गेला तर व्हॉल्व्ह वाईट. जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह निर्दोष आणि सॉकेटमागचं काहीतरी दोषी. बहुतेक वेळा तो जागेवरच राहतो. स्क्रीनच्या पिनेकडे जाणारा शंभर ओहमचा एक रेझिस्टर वरून धडधाकट आणि आतून तुटलेला असतो. त्याची किंमत चहाच्या कटिंगपेक्षा कमी. त्याच्यापायी स्लोव्हाकियाहून व्हॉल्व्हची जोडी विमानानं येऊन गेलेली असते.

हे सगळं करताना एक हात खिशात ठेवायचा, असा या धंद्यातला जुना दंडक आहे. प्लेटचे ३०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात. दोन्ही हात आत असले तर प्रवाह छातीतून जातो. त्यामुळे कपॅसिटर रिकामे झाले का, हे मीटरनं पाहिल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. विनोदी लेखातही ही ओळ विनोदाची नाही.

किरकोळ आरोपींची यादी मोठी आहे. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे त्यातले पहिले. तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे शंभर किलोओहम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे दहा. रात्री पिवळ्या बल्बखाली सोल्डरिंग करताना नारिंगी, लाल आणि तपकिरी हे तीन रंग एकाच कुटुंबातले दिसतात. प्लेटला शंभरऐवजी दहा किलो बसला की पहिल्याच पायरीवर आवाजाचा गळा आवळला जातो. त्यानंतर कोरडं सोल्डर, उलटा बसलेला कपॅसिटर आणि सुकलेले जुने फिल्टर. शेवटी, सगळ्यांत शेवटी, गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब. तो अर्ध्यावर असणं ही या क्षेत्रातली सर्वांत लपवून ठेवलेली दुर्घटना आहे. तिची कबुली कुणी देत नाही. ‘सोल्डर सुटलं होतं’ असं सांगतात.

स्पीकरही सुटत नाही. घरच्या जुन्या म्युझिक सिस्टिमचा स्पीकर एका वॅटला मीटरभर अंतरावर ८६ डेसिबल देतो. गिटारसाठी बनवलेला बारा इंची स्पीकर तेवढ्याच वॅटला ९७ किंवा वर देतो. अकरा डेसिबलचा फरक. तो भरून काढायला वॅट बारापट लागतील. सगळं मोजमाप करून, टोकं बदलून, रेझिस्टर टाकून पंधरा वॅट पुरे मिळाल्यावरही अ‍ॅम्प्लिफायर मेंगळट वाटला, तर तो ज्याच्यात वाजतोय ती पेटी बघावी.

आणि मग एका रविवारी मीटरवर अकरा व्होल्ट येतात. खरा स्पीकर जोडला जातो. गिटारची खर्जाची तार छेडली जाते. मीटरभर अंतरावर सुमारे १०९ डेसिबल. खिडकीची तावदानं थरथरतात, फडताळातली भांडी साथ धरतात, शेजारचं कुत्रं पलंगाखाली जातं. कर्त्याच्या चेहऱ्यावर कृतार्थता उमटते, ती पुढच्या तीन मिनिटांत दाराची कडी वाजेपर्यंत टिकते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे आकडे पाहिल्यावर ध्यानात येतं की पावणेचार वॅटचा तो ‘दुबळा’ अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा खोलीत १०३ डेसिबल देत होता, म्हणजे आई म्हणत होती तेवढाच. खुद्द टाउनशेंडला पुढे कानांच्या दुखण्यानं गाठलं आणि तो श्रवणरक्षणाचा प्रचार करू लागला. गिनीजवाल्यांनीही लोकांनी कान फोडून घेऊ नयेत म्हणून मोठ्या आवाजाच्या बँडचा तो विक्रमच पुढे बंद केला.

पण कर्त्याला आता आवाज कमी करता येत नाही. व्हॉल्व्ह पुरते ताणले गेले की सुराला जी खरखरीत गोडी येते, तिच्यासाठीच हा सगळा उद्योग होता. नॉब दोनवर ठेवला तर ती येत नाही, आठवर ठेवला तर शेजारी येतात. यावर तोडगा जुना आहे. ‘बोस्टन’ या अमेरिकन बँडचा टॉम शोल्झ हा शिकलेला इंजिनिअर. त्यानं ‘पॉवर सोक’ नावाची पेटी बाजारात आणली होती. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये ती लावायची. आलेले वॅट ती आतल्या रेझिस्टरमध्ये जाळते आणि उरलेला चिमूटभर स्पीकरला देते.

तेव्हा कर्ता पुन्हा तपकीर गल्लीत जातो आणि मोठाले तारेचे रेझिस्टर घेऊन येतो. सहा महिने खपून मिळवलेल्या पंधरा वॅटांपैकी साडेचौदा आता या नव्या पेटीत उष्णता होऊन जातात. पेटी इतकी तापते की तिच्यावर पंखा बसवावा लागतो. सध्याची तक्रार अशी आहे की त्या पंख्याचा आवाज गिटारपेक्षा मोठा येतो.